सुप्याच्या ताटात टेक्सास

बारामती तालुक्यातल्या सुप्यात खानावळीत टेकलं की काही मागवायच्या आधीच एक ताटली पुढ्यात येते. उभा चिरलेला कांदा, लिंबाची फोड, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी सोबत शेंगदाण्याची चटणी. ती कोणी मागितलेली नसते आणि बिलात तिची वेगळी ओळ नसते. मटणाच्या थाळीला वेळ असतो, भूक तर कडकडून लागलेली असते. माणूस ठेच्याला बोट लावतो, कांदा चावतो आणि थाळी येईस्तोवर कपाळ घामानं डवरलेलं असतं.

आता पृथ्वीचा गोल हातात घेऊन निम्मा फिरवा. सुपं साधारण ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं सॅन अँटोनिओ शहर ९८ अंश पश्चिम रेखांशावर. दोघांमध्ये जवळपास १७३ अंश, म्हणजे सुप्यात दुपारची जेवणं चाललेली असतात तेव्हा तिकडे मध्यरात्र. त्या शहरात 'मी तिएरा' नावाचं एक जुनं टेक्स-मेक्स हॉटेल आहे. १९४१ साली ते तीन टेबलांवर सुरू झालं. पहाटे बाजारात येणारे शेतकरी आणि कामकरी हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. पुढे कित्येक दशकं ते रात्रंदिवस उघडं राहिलं. अशा हॉटेलांत बसल्याबरोबर, न मागता, एक टोपली येते. तीत मक्याच्या तळलेल्या तिकोनी चकत्या असतात आणि बाजूच्या वाटीत साल्सा. टोमॅटो, हिरवी मिरची, कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ही वाटी दाखवली तर ती म्हणेल, "कोशिंबीर आहे, दाण्याचं कूट राहिलंय."

आजीचं बरोबर आहे. आणि इथूनच डोकं चक्रावायला सुरुवात होते.

या दोन्ही ताटल्या एका चाळणीतून काढून पाहू. चाळणी १४९२ सालची, म्हणजे कोलंबस अटलांटिक ओलांडून जायच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी जे पीक जगाच्या ज्या अर्ध्यात होतं, तेवढंच त्या अर्ध्याच्या ताटात ठेवायचं. टेक्सासच्या वाटीतून कांदा गेला, कोथिंबीर गेली, लिंबू गेलं. ही सगळी आपल्या बाजूच्या जगाची, स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे पोचलेली. उरले टोमॅटो आणि मिरची. सुप्याच्या ताटलीतून मिरची गेली, कारण तिचं माहेर मेक्सिको. शेंगदाणे गेले, ते दक्षिण अमेरिकेचे. उरले कांदा, लसूण, लिंबू आणि मीठ. तिकडचं निम्मं इकडचं आहे आणि इकडचं निम्मं तिकडचं. ज्याला आपण डोळे मिटून 'अस्सल गावरान' म्हणतो तो ठेचा आणि ज्याला मेक्सिकोतले जाणकार नाकं मुरडतात ते टेक्स-मेक्स, या दोघांच्या जन्मकथा एकाच जहाजावर सुरू होतात.

टेक्स-मेक्स म्हणजे नेमकं काय, हे थोडं सांगायला हवं. टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. सीमा सरकली, पण तिथल्या बायका चुलीपुढेच राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन अँटोनिओच्या चौकांत संध्याकाळी कंदील लागायचे आणि मेक्सिकन वंशाच्या बायका मोठमोठ्या पातेल्यांतून मांसाचा लाल रस्सा विकायच्या. लोक त्यांना 'चिली क्वीन्स' म्हणत. १९३० नंतर आरोग्यखात्याच्या नियमांनी या चौकातल्या खानावळी हळूहळू बंद पाडल्या. पण तोवर त्या रश्श्याची चव सगळ्या अमेरिकेला लागली होती. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनिओच्या रश्श्याचा गाडा होता. १९०० साली शिकागोहून आलेल्या ओटिस फार्न्सवर्थ नावाच्या गृहस्थानं सॅन अँटोनिओत 'ओरिजिनल मेक्सिकन रेस्टॉरंट' काढलं. थाळीसारखं एकाच ताटात सगळं थोडं थोडं वाढून ठरलेल्या दरात देण्याची तिकडची चाल रूढ करण्याचं श्रेय बऱ्याचदा त्याला देतात. डॅलसचं 'एल फेनिक्स' १९१८ चं. नाचोज नावाचा पदार्थ तर १९४३ साली सीमेपलीकडच्या पिएद्रास नेग्रास गावात सुचला. अमेरिकन सैनिकांच्या बायका अवेळी खायला आल्या, आचारी जागेवर नव्हता, तेव्हा इग्नासिओ अनाया या कर्मचाऱ्यानं हाताला लागलं ते एकावर एक रचून त्यांच्यापुढे ठेवलं.

ह्यूस्टनच्या निन्फा लॉरेन्झो यांची गोष्ट मला यात सगळ्यात जवळची वाटते. नवरा वारला, टोर्टिया, म्हणजे तिकडची पोळी, बनवण्याचा घरचा कारखाना डबघाईला आला. १९७३ मध्ये त्यांनी कारखान्याच्या पुढच्या भागात दहा टेबलं मांडली आणि निखाऱ्यावर भाजलेलं मांस टोर्टियात गुंडाळून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे रस्त्याकडेच्या किती खानावळी अशाच एखाद्या बाईच्या हातावर उभ्या राहिल्या, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

निन्फाबाईंच्या एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, डायना केनेडी या इंग्रज बाईंचं मेक्सिकन पाककलेवरचं गाजलेलं पुस्तक निघालं. खरं मेक्सिकन जेवण वेगळं आणि सीमेवरचं वेगळं, असा त्यांचा आग्रह होता. सीमेवरचं म्हणजे पिवळं चीज, गव्हाची टोर्टिया, भरपूर मांस. आणि जिरं! टेक्सासच्या रश्श्याला मेक्सिकोच्या आतल्या भागातल्या रश्श्यापासून वेगळं करतं ते प्रामुख्यानं जिरं. भूमध्य समुद्र ते हिंदुस्थान या पट्ट्यातला हा मसाला स्पॅनिश वसाहतींच्या वाटेनं टेक्सासात गेला आणि तिथल्या मिरचीच्या गळ्यात पडला. १८९० च्या दशकात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन वंशाच्या टेक्सासवाल्यानं वाळवलेली मिरची, जिरं आणि ओरेगानो दळून बाटलीत भरून विकायला काढलं. म्हणजे आपल्या भाषेत तयार मसाला. बारामती-साताऱ्याकडे उन्हाळ्यात डंकावर कांदा-लसूण मसाला कुटायला रांग लागते. तिथे मिरचीच्या ढिगाशेजारी जिऱ्याची पुडी असतेच. मिरची तिकडून इकडे आली, जिरं इकडून तिकडे गेलं आणि दोन्हीकडच्या लोकांनी शेवटी एकच गोष्ट केली. दोन्ही एकत्र कुटली आणि मटणात घातली.

मिरची आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या जहाजांतून, गोव्याच्या बाजूनं. त्याआधी तिखटपणा मिऱ्याचा, पिंपळीचा आणि आल्याचा. ज्ञानेश्वरांनी ठेचा खाल्ला नाही हे पचवायला जड जातं, पण इलाज नाही. गंमत अशी की सुप्याहून पूर्वेला, माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता माळ्यांच्या नावावरच्या सगळ्यांना पाठ असलेल्या अभंगात मिरची चक्क हरी होऊन येते. सावतोबांची समाधी १२९५ ची. तेव्हा अमेरिका खंडांबाहेर मिरची कुणाला ठाऊक नव्हती. एक तर तिथे आधी मिऱ्यासारखं काही असणार किंवा नंतरच्या कुणा गाणाऱ्यानं आपल्या मळ्यातलं पीक देवाच्या पंगतीत बसवलं असणार. मला दुसरी शक्यता जास्त आवडते. एखादं परदेशी झाड शे-दोनशे वर्षांत इतकं घरचं व्हावं, की ते संताच्या तोंडी घालताना कुणाला काही खटकूच नये!

तिखट लागतं म्हणजे काय होतं, हेही नवल आहे. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेवरच्या ज्या चेतातंतूंना डिवचतं, ते मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतात. त्यांच्या टोकाला एक सूक्ष्म दार असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, 'भाजतंय'. कॅप्सायसिन तेच दार थंड ठेच्यातूनही उघडतं. मेंदू बिचारा निरोपावर विश्वास ठेवतो, घाम काढतो, नाक गाळतो, अंग थंड करायच्या मागे लागतो. हे दार १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं आणि २०२१ चं वैद्यकातलं नोबेल त्यासाठी त्यांना वाटून मिळालं. पक्ष्यांचं हेच दार कॅप्सायसिनला दाद देत नाही. पक्षी मिरची मजेत खातात, बी न चावता गिळतात आणि दूरवर नेऊन टाकतात. उंदरा-घुशींची दाढ बी चिरडते, म्हणून मिरचीनं त्यांना हाकलायला हा जाळ तयार केला. माणूस हा एकच वेडा प्राणी, जो हाकललं तरी ताट पुढे करतो. पाणी प्यायल्यानं काही होत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. ताकातली प्रथिनं मात्र त्याला धरून जिभेवरून उतरवतात. टेक्सासात हे काम चीज आणि आंबट साय करते.

थाळी अजून यायची आहे. तोवर बाहेर नजर टाकायला हरकत नाही.

सुपं बारामती तालुक्यात असलं तरी बारामती म्हणताच जो ऊस डोळ्यांपुढे येतो, तो इथला नव्हे. नीरा डावा कालवा १८८५ चा, त्याचं पाणी तालुक्याच्या दक्षिणेकडे खेळतं. सुप्याची बाजू जिरायत, पर्जन्यछायेतली. माळरान इतकं मोकळं की चिंकारासाठी १९९७ मध्ये इथे मयूरेश्वर अभयारण्य जाहीर झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा दिसतो. असल्या माळावर बांधाला घायपात दिसते. जाड, काटेरी, तलवारीच्या पात्यांसारख्या पानांची. तिच्या वाखाचे दोर वळतात. ती मेक्सिकोची, तिच्याच एका बहिणीच्या गाभ्यापासून टकिला काढतात. कुंपणाचा फड्या निवडुंगही अमेरिकेचा. मेक्सिकोत त्याचे कोवळे फडे काटे काढून भाजीसारखे खातात, टेक्सासच्या हॉटेलांत अंड्याबरोबर न्याहारीला वाढतात. दुष्काळी पट्ट्यात जिकडेतिकडे माजलेली वेडी बाभूळ ही टेक्सासातल्या मेस्कीटची सख्खी नातलग आहे. मेस्कीटच्या लाकडाचा धूर लागलेलं मांस हा तिकडच्या भटारखान्यांचा अभिमान, आणि इकडे वेड्या बाभळीचा कोळसा भट्टीत जातो तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसतं. गल्ल्यावरच्या तसबिरीला झेंडूचा हार असतो. तो झेंडू मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या सणाला त्याचे ढीग लागतात, इकडे दसऱ्याला.

सगळे पाहुणे काही गोड नव्हते. गाजर गवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, ते मेक्सिकोच्या आखाताभोवतालचं, म्हणजे टेक्सासचंही. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नोंदलं गेलं. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं मानतात. ते खाणारा भुंगाही शेवटी १९८३ मध्ये मेक्सिकोहूनच मागवावा लागला.

आणि संकष्टी असेल तर? सुप्यापासून गणपतीचं मोरगाव जवळ, त्यामुळे चतुर्थीला या रस्त्यावर उपवासवाल्यांची वर्दळ असते. ज्यांना वाटतं की मटणाची थाळी नाकारून आपण परक्या प्रभावापासून सुटलो, त्यांनी उपवासाचं ताट त्याच चाळणीतून काढून पाहावं. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथलाच. रताळं तिकडचं, शेंगदाणे तिकडचे, मिरची तिकडची. राजगिराही अमेरिकेचा. ॲझ्टेक लोकांच्या पूजेत त्याचा मोठा मान होता. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा पाकात मिसळून वड्या थापतात आणि रस्त्यावर विकतात. त्यांना 'आलेग्रिया' म्हणतात. आपली राजगिऱ्याची वडी समोर ठेवली तर कुठली कुणाची ते सांगता येणार नाही. १४९२ च्या चाळणीत आपल्या उपवासाच्या ताटात दूध, तूप, केळं आणि वरी उरते. सगळ्यात सोवळं ताट सगळ्यात परदेशी निघतं, हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत गमतीचं सत्य वाटतं.

इथवर पिकांचा प्रवास झाला. पण टेक्सास आणि सुपं यांच्यात आणखी एक दोरा आहे, आणि तो रक्ताघामाचा आहे.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनच्या गिरण्या अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कापसावर चालत होत्या. हा कापूसही मूळ मेक्सिकोतल्या जातीचा, बरं का. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडली. १८६१ मध्ये ब्रिटनला अमेरिकेतून वीस लाखांहून जास्त गासड्या गेल्या होत्या, १८६२ मध्ये गेल्या ५५ हजार. एकच फट उरली होती. टेक्सासचा कापूस बैलगाड्यांत लादायचा, सॅन अँटोनिओवरून दक्षिणेला, रिओ ग्रांदे नदी ओलांडून मेक्सिकोतल्या मातामोरोसला न्यायचा आणि तिथून परक्या झेंड्याच्या जहाजांत चढवायचा. मेक्सिको तटस्थ, त्यामुळे तिथली जहाजं अडवता येत नव्हती. या गाड्या हाकणाऱ्यांत मेक्सिकन वंशाचे पुष्कळ होते. तळावर रात्री त्यांच्या पातेल्यांत काय शिजत असेल, ते सांगायला नको.

त्या फटीतून जाणारा कापूस गिरण्यांना पुरणारा नव्हता. लँकेशायरची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव आभाळाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅकबे भराव कंपनीच्या शेअरांवर लोक वेडे झाले. खेड्यापाड्यात सावकारांचे हात सैल झाले. जमीन दिसली की कर्ज, अंगठा दिला की पैसा. मग एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला आणि युद्ध आवरलं. मुंबईचा फुगा फुटला, भाव कोसळले. सावकारांनी हात आखडले, नेमकं त्याच सुमारास सरकारनं सारा वाढवला. जुनी कर्जं नव्या रोख्यांत, व्याजासकट, फुगत राहिली.

१२ मे १८७५, बुधवार. सुप्याचा बाजार. आसपासच्या गावांतून आलेले कुणबी बाजारातच एकत्र झाले आणि मारवाडी-गुजराती सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना माणसं मारायची नव्हती, हवे होते कागद. रोखे, गहाणखतं, वह्या. ते ओढून बाहेर काढले आणि जाळले. तिथून आग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरली. इतिहासात ते 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदलं गेलं. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. यात कापसाचा वाटा किती, साऱ्याचा किती, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. सुपं काही वऱ्हाडासारखं कापसाचं आगर नव्हे, हेही खरं. पण उधारीचा तो पूर आला कुठून आणि ओसरला का, याचं उत्तर शोधत गेलं की पाऊल रिओ ग्रांदेच्या काठापर्यंत जातंच. सुप्याच्या कुणब्यानं टेक्सासचं नावही ऐकलं नसेल, पण त्याच्या अंगठ्याची किंमत तिकडच्या बैलगाड्यांवर ठरत होती.

आली थाळी. मटणाचा काळा रस्सा, सुकं, अळणीची वाटी, भात आणि भाकरी.

भाकरीपाशी थांबायला हवं. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं. ओढलं तर ताणत नाही, तुटतं. मग एवढी पातळ, अखंड भाकरी होते कशी? गरम पाण्यानं पिठातला थोडा स्टार्च फुगतो आणि चिकट होतो, तोच गोंदाचं काम करतो. तळहाताच्या मुळानं मळून मळून तो गोंद सगळीकडे पोचवायचा, मग थापायची. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, तो वरचा पदर सुकून भेगाळू नये म्हणून. उलटून मग चुलीच्या आहाराला लावली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

मेक्सिकोच्या बायकांपुढे हाच पेच मक्याच्या रूपानं होता. मक्यातही ग्लुटेन नाही. त्यांचा तोडगा निराळा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, टरफलं धुऊन टाकायची आणि ओला दाणा पाट्यावर वाटायचा. चुन्यामुळे दाण्याच्या सालीतले घटक विरघळून चिकट होतात, पीठ एकजीव होतं आणि टोर्टिया तव्यावर भाकरीसारखीच फुगते. त्यांचा तवाही आपल्या खापरीसारखा, मातीचा. पण चुन्याची खरी करामत वेगळी. मक्यात बांधलेलं नायसिन हे जीवनसत्त्व त्यामुळे मोकळं होतं. युरोपियनांनी मका नेला, चुन्याची रीत नेली नाही, आणि मक्यावर जगणारे इटलीतले शेतकरी, पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतले गरीब, पेलाग्रा रोगानं हजारोंनी मेले. बी खिशातून नेता येतं. बाईच्या हातची रीत न्यायची तर तिच्या शेजारी बसावं लागतं.

असं शेजारी बसणारा एक मराठी माणूस होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या तावडीतून निसटत देशोदेशी फिरून १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या शेतकी शाळेत त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर १९२८ च्या सुमारास 'आमची रोजची भाकर' या अर्थाचं चित्र काढलं. जेवणाचं टेबल, भोवती कष्टकरी, आणि टेबलाच्या प्रमुख जागी बसून भाकर वाटणारा माणूस म्हणजे खानखोजे. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही उभा राहिला.

आणि सुप्याच्या थाळीतली ही ज्वारी? ती तरी टेक्सासच्या तडाख्यातून सुटली का? थोडक्यात सुटली. ज्वारी मूळ आफ्रिकेची, आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी आली, अमेरिकेत खूप उशिरा. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असल्यानं तिचं संकरित बी मोठ्या प्रमाणावर काढणं अशक्य वाटत होतं. १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या दोन संशोधकांनी टेक्सासात मिलो आणि काफिर या दोन जातींच्या संकरातून परागच न धरणारी ज्वारी मिळवली आणि वाट मोकळी झाली. दहा वर्षांत, १९६४ मध्ये, भारतात सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. त्याची आई म्हणजे टेक्सासातली काफिर. खेड्यापाड्यात त्या पिकाला नुसतं 'हायब्रीड' म्हणत. उत्पन्न भरघोस, पण भाकरीला चव नाही, पावसात सापडली तर दाणा काळा. घरी खायला गावरान आणि विकायला हायब्रीड, असा सरळ हिशेब होता.

मग १९७२ चा दुष्काळ. माणसं खडी फोडायला गेली आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लालसर मिलो ज्वारी मिळाली. टेक्सास-कॅन्ससच्या पट्ट्यात ती जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात. त्या पिढीतल्या कुणाशीही बोला, मिलोच्या भाकरीचा रंग आणि घशाखाली उतरताना होणारा त्रास ती माणसं अजून सांगतात. सांगताना तक्रार असते आणि तिनं जगवलं, हेही असतं.

रब्बीच्या शेतात मात्र टेक्सासला शिरता आलं नाही. पाऊस संपल्यावर, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर, थंडीत वाढायचं आणि खोडमाशीला तोंड द्यायचं, हे त्या संकरितांना जमेना. तिथे अजून मालदांडीच. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात ब्रिटिश काळात गावरान कणसांतून निवडून काढलेली एम ३५-१, अनेक दशकं शाळूच्या रानात टिकून राहिलेली. दाणा मोत्यासारखा, टपोरा, पांढरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये खळं होतं. त्या दिवसांत या रस्त्यानं गेलात तर वाढप्याला विचारून घ्या, भाकरी नव्या शाळूची आहे का. हो म्हणाला तर भात राहू द्या, आणखी एक भाकरी सांगा आणि ती तव्यावरून येईपर्यंत रस्सा परत घ्या. तो बऱ्याच ठिकाणी हवा तेवढा वाढतात.